एका पेनीला तेरा एकर

२७ मार्च १६६८ रोजी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर आंदणात आलेली ही बेटं राखण्याचा खर्च त्याला झेपत नव्हता. भाडं ठरलं वर्षाला दहा पौंड. ही हकिकत आपल्याकडे शाळेच्या पुस्तकातच भेटते. त्याच राजाने पुढे दोन वर्षांनी, २ मे १६७० रोजी, आणखी एका कंपनीला सनद दिली. तिची गोष्ट मात्र आपल्यापर्यंत फारशी आलेली नाही. उत्तर अमेरिकेत हडसनच्या उपसागराला ज्या ज्या नद्या जाऊन मिळतात, त्या सगळ्या नद्यांचं खोरं त्याने आपला आतेभाऊ रूपर्ट आणि त्याचे भागीदार यांना लिहून दिलं. कंपनीचं नाव हडसन्स बे कंपनी, मुलखाचं नाव रूपर्ट्स लँड. भाडं असं, की राजा किंवा त्याचा वारस त्या मुलखात पाऊल ठेवील तेव्हा कंपनीने त्याला दोन एल्क आणि दोन काळे बीव्हर द्यावेत.

आपण किती जमीन देतोय हे राजाला माहीत नव्हतं आणि किती मिळतेय हे कंपनीलाही. त्या सगळ्या नद्या कुठून निघतात ते लंडनमध्ये कुणालाच नेमकं माहीत नव्हतं. पुढे मोजदाद झाली तेव्हा तो मुलूख सुमारे ३९ लाख चौरस किलोमीटर भरला. अख्ख्या भारताला आणखी दोन महाराष्ट्र जोडले तर हा आकडा येतो. तिथे क्री, ओजिब्वे, असिनिबॉइन, डेने, इन्युइट असे अनेक समाज हजारो वर्षं राहत होते. त्यांना कुणी विचारलं नाही. असा कुणी व्यवहार झालाय याची खबरही त्यांच्यापैकी बहुतेकांना कित्येक पिढ्या नव्हती.

दोनशे वर्षांनी, १८६९च्या करारानुसार, कंपनीने हा सगळा मुलूख नव्याने जन्मलेल्या कॅनडा देशाला देऊन टाकला आणि १५ जुलै १८७० रोजी हस्तांतर पुरं झालं. कंपनीला रोख मिळाले तीन लाख पौंड. हिशोब करून पाहावा. ३९ लाख चौरस किलोमीटर म्हणजे सुमारे ९६ कोटी एकर. तीन लाख पौंडांच्या तेव्हाच्या पेन्या होतात ७ कोटी २० लाख. म्हणजे एका पेनीला तेरा एकरांहून जास्त जमीन. एवढ्यावर कंपनी राजी झाली नसती, म्हणून सुपीक पट्ट्यातला विसावा हिस्सा तिने स्वतःकडे राखून ठेवला. तो भरला जवळपास ७० लाख एकर.

ती मूळ सनद चामड्याच्या पाच पानांची आहे. हडसन्स बे कंपनी अलीकडे दुकानांची साखळी चालवत होती. ती कर्जात बुडाली, १ जून २०२५ रोजी तिची शेवटची दुकानं बंद झाली आणि मालमत्तेबरोबर सनदही विकायला निघाली. कॅनडातल्या दोन धनाढ्य घराण्यांनी मिळून ती १ कोटी ८० लाख डॉलरला घेतली, सार्वजनिक संस्थांना दान करण्याच्या बोलीवर. पाच पानांना १ कोटी ८० लाख. ही पानं लोकांच्या ठेव्यात राहणार हे फार बरं झालं. पण या सनदेच्या सावलीत साडेतीनशे वर्षांत जे बाकीचे कागद साठले, त्यांची किंमत अशी एका आकड्यात बसत नाही. त्या कागदांत कुणाची नावं आहेत, कुणाची नाहीत आणि का नाहीत, हे पाहू लागलं की डोकं चक्रावतं.

कंपनीला लिहिण्याची सवय होती आणि ती सवय लंडनहून लावलेली होती. उपसागराच्या काठी आणि नद्यांच्या संगमावर जी व्यापारी ठाणी उभी राहिली, त्या प्रत्येक ठाण्याच्या मुख्याने रोजनिशी ठेवायची आणि वर्षातून एकदा येणाऱ्या जहाजातून ती लंडनला धाडायची. वारा कुठल्या दिशेचा, बर्फ किती, लाकडं तोडायला कोण गेलं, मासे किती मिळाले, कोणत्या टोळीचे किती लोक कातडी घेऊन आले, त्यांना बदल्यात किती बंदुका, किती घोंगड्या, किती किटल्या दिल्या. हिवाळ्यात दौतीतली शाई गोठायची, ती शेकोटीजवळ धरून पातळ करायची आणि लिहायचं. असं पिढ्यानपिढ्या चाललं. हे दफ्तर १९७४ मध्ये लंडनहून विनिपेगला आणलं गेलं, १९९४ मध्ये कंपनीने ते मॅनिटोबा प्रांताला दान केलं आणि २००७ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद जागतिक स्मृतीच्या यादीत केली. उत्तर अमेरिकेच्या एवढ्या मोठ्या भागाचा इतका सलग, रोजच्या रोज लिहिलेला कागद दुसरा नाही.

आता त्यातली एकच नोंद जवळून पाहू. १७१४च्या हिवाळ्याच्या तोंडाला यॉर्क फोर्ट नावाच्या ठाण्यावर एक तरुण डेने बाई पोचली. क्री लोकांनी तिला पकडून नेलं होतं, त्यांच्याकडून ती निसटली होती आणि उपासमारीने अर्धमेली झाली होती. ठाण्याचा गव्हर्नर जेम्स नाइट याला डेने लोकांशी व्यापार हवा होता, पण क्री आणि डेने यांचं हाडवैर होतं. २७ जून १७१५ रोजी ही बाई, कंपनीचा विल्यम स्टुअर्ट आणि सुमारे दीडशे क्री लोक तिच्या माणसांच्या शोधात निघाले. वाटेत भुकेने आणि आजाराने बहुतेक जण परतले. पुढे वाटेवर काही डेने मारलेले सापडले तेव्हा उरलेले क्रीही घाबरले. तेव्हा तिने त्यांना सांगितलं, दहा दिवस इथेच थांबा, मी माझ्या लोकांना घेऊन येते. ती एकटी बर्फातून गेली आणि शंभराहून जास्त डेने लोकांना घेऊन ठरल्या वेळेत परत आली. बोलून बोलून तिचा घसा बसला होता. तह झाला. ७ मे १७१६ रोजी मंडळी ठाण्यावर परतली. पुढच्या हिवाळ्यात ती आजारी पडली आणि ५ फेब्रुवारी १७१७ रोजी गेली. नाइटने त्या दिवशी रोजनिशीत तिचं मनापासून कौतुक लिहून ठेवलं.

त्या सगळ्या पानांत तिचं नाव एकदाही नाही. कंपनीच्या कागदांत ती ‘गुलाम बाई’ आहे. तिचं नाव थानाडेल्थर होतं, हे आपल्याला कळतं ते डेने लोकांच्या तोंडी परंपरेमुळे. त्यांनी ते नाव तीन शतकं सांभाळलं. दिवस, वारा, तारखा, सोबतची माणसं ही कंपनीकडे होती. नाव मात्र तिच्या माणसांकडे होतं. या दफ्तरावर काम करणाऱ्या कुणालाही ही गोष्ट माहीत असते आणि ती माहीत असल्याशिवाय पुढचे आकडे वाचूच नयेत असं मला वाटतं.

मॉन्ट्रियलकडून येणाऱ्या वाटेवरचा कागद वेगळा. तिथले व्यापारी आपले वल्हेकरी करार करून नेमत. वकिलासमोर बसून कागद व्हायचा. त्यात माणसाचं नाव, त्याचं गाव, कुठवर जायचं, किती वर्षांसाठी, पगार किती, शिवाय वर्षाला किती कापड आणि एखादी घोंगडी, हे सगळं असायचं. १७१४ ते १८३० या काळातले असे सुमारे ३५,९०० करार विनिपेगजवळच्या सेंट बोनिफेसच्या इतिहास संस्थेने एकत्र करून शोधता येतील असे मांडले आहेत. बहुतेकांना सही करता येत नव्हती, त्यांनी फुली मारली. या वल्हेकऱ्यांपैकी अनेक जण तिकडेच राहिले. क्री आणि ओजिब्वे बायकांशी त्यांचे संसार झाले आणि त्यांच्या लेकरा-नातवंडांतून, लाल नदीच्या खोऱ्यात, मेटी नावाचा एक स्वतंत्र समाज उभा राहिला. त्यांची स्वतःची बोली, स्वतःचं मणीकाम, रानरेड्यांच्या शिकारीचे स्वतःचे काटेकोर नियम. बापाकडचा माणूस कराराच्या फुलीपर्यंत मागे शोधता येतो. आईकडची वाट मात्र बहुतेक वेळा एका पिढीत तुटते, कारण कागद तिच्यासाठी झालेलाच नसतो.

आता येतो १८७०चा हिशोब. या सगळ्या दफ्तरात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा भाग हाच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

लाल नदीच्या काठी तेव्हा सुमारे बारा हजार लोक राहत होते आणि त्यातले दहात आठ मेटी होते. त्यांच्या जमिनी नदीला लागून अरुंद पट्ट्यांत होत्या, नदीपासून मागे दोन मैलांपर्यंत गेलेल्या. कॅनडाने मुलूख विकत घेतला आणि ताबा मिळण्याआधीच चौकोनी मोजणी सुरू केली. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी मोजणीदारांची साखळी आंद्रे नॉल्ट या मेटी शेतकऱ्याच्या रानात शिरली. चोवीस वर्षांचा लुई रिएल आणि त्याचे सोबती पुढे झाले, साखळीवर पाय ठेवला आणि काम थांबवलं. त्यातून उठाव झाला, वाटाघाटी झाल्या आणि मॅनिटोबा कायदा झाला. त्याच्या ३१व्या कलमात वचन होतं, की मेटी कुटुंबप्रमुखांच्या मुलांसाठी १४ लाख एकर जमीन राखून ठेवली जाईल.

१४ लाख एकर. कंपनीने स्वतःसाठी राखलेल्या जमिनीचा पाचवा हिस्सा. तरीही, वेळेवर आणि नीट दिली गेली असती तर, एका समाजाला पायावर उभं करायला ती पुरेशी होती. बाहेरून वसाहतकऱ्यांचे लोंढे येण्याआधी मुलांच्या नावावर जमीन लागावी, एवढीच त्यामागची मागणी होती. सातबाऱ्यावर नाव चढायला उशीर झाला की काय होतं हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

सरकारने पहिल्यांदा हिशोब धरला माणशी १४० एकर. म्हणजे वाटेकरी दहा हजार. वाटप सुरू झालं आणि लक्षात आलं की यात आईबापांनाही धरलंय, कायद्यात तर फक्त मुलं आहेत. वाटप रद्द. दुसऱ्यांदा माणशी १९० एकर. म्हणजे वाटेकरी सात हजार तीनशेच्या वर. तेही रद्द. तिसऱ्यांदा माणशी २४० एकर. म्हणजे वाटेकरी ५,८३३. हे वाटप शेवटाला गेलं, तेव्हा कळलं की मोजणीत चूक झाली आहे आणि ९९३ मुलं बाहेर राहिली आहेत. जमीन संपली होती. १४ लाख एकरांत त्यांच्यासाठी काही उरलं नव्हतं.

एवढं होईस्तोवर दहा वर्षं उलटली होती. १८७०ची दहा वर्षांची पोरगी वीस वर्षांची झाली होती. दरम्यान नवे वसाहतकरी आले, चांगल्या जागा गेल्या, कित्येक मेटी कुटुंबं कंटाळून आपला हक्क कवडीमोलाने विकून पश्चिमेकडे निघून गेली. ज्यांना जमीन मिळाली त्यांचे तुकडे चिठ्ठ्या टाकून काढलेले, त्यामुळे बापाचं रान एकीकडे आणि मुलाचा तुकडा भलतीकडे. उरलेल्या ९९३ जणांना १८८५ मध्ये २४० डॉलरच्या चिठ्ठ्या देण्यात आल्या. या चिठ्ठीला स्क्रिप म्हणत. जुन्या भावाने, म्हणजे डॉलरला एकर या दराने, २४० डॉलरचे २४० एकर होत होते. पण १८८५ मध्ये सरकारी जमिनीचा भाव दोन ते अडीच डॉलर झाला होता. म्हणजे त्या मुलांच्या हातात प्रत्यक्ष पडलं ९६ ते १२० एकरांचं मोल.

हे आकडे माझ्या पदरचे नाहीत आणि कुणा चळवळीच्या पत्रकातलेही नाहीत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २०१३ च्या निकालात ते मांडले आहेत. मॅनिटोबातल्या मेटी संघटनेने हा खटला १९८१ मध्ये दाखल केला होता, निकाल यायला बत्तीस वर्षं लागली. ३१व्या कलमाची अंमलबजावणी करताना सरकारने राजसत्तेच्या इभ्रतीला साजेशी वागणूक ठेवली नाही, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. आणि हे म्हणता आलं ते सरकारच्याच दफ्तरातल्या कागदांमुळे. रद्द केलेली पहिली यादी, रद्द केलेली दुसरी यादी, कचेऱ्यांमधला पत्रव्यवहार, हे सगळं कुणीतरी बांधून ठेवलं होतं.

लाल नदीच्या पश्चिमेला आणि उत्तरेला स्क्रिपचा धंदा आणखी पसरला. १८८५ पासून पुढे १९२०च्या दशकापर्यंत सरकारी आयोग गावोगाव हिंडत होते. सरकारविरुद्धच्या बटोशच्या लढाईत मेटी हरले, १६ नोव्हेंबर १८८५ रोजी रिएलला रेजायनात फाशी दिलं, आणि त्याच काळात आयोगाच्या तंबूसमोर मेटी कुटुंबांच्या रांगा लागत होत्या. १६० किंवा २४० डॉलरची, नाहीतर तितक्या एकरांची चिठ्ठी. घेतली की जमिनीवरचा आदिवासी हक्क संपला, असा त्याचा कायदेशीर अर्थ. जमिनीची चिठ्ठी वटवायची तर हक्कदाराने स्वतः जमीन कचेरीत हजर राहून मोजणी झालेला तुकडा निवडायचा. उत्तरेत मोजणीच झालेली नव्हती आणि कचेरी शेकडो किलोमीटर लांब. मग आयोगाच्या पाठोपाठ फिरणारे दलाल चिठ्ठ्या थोडक्यात विकत घेत आणि कचेरीत भलत्याच माणसाला ‘हाच तो’ म्हणून उभं करत. १९२१ मध्ये अशा तोतयेगिरीचे खटले उभे राहू लागले, तेव्हा कायद्यात दुरुस्ती करून स्क्रिपच्या गुन्ह्यांना तीन वर्षांची मुदत घालण्यात आली. मुदत घातल्याने जुनी प्रकरणं एका फटक्यात बाद झाली.

या चिठ्ठ्यांसाठी प्रत्येक अर्जदाराला शपथपत्र द्यावं लागे. जन्म कुठे, कधी, बापाचं नाव, आईचं नाव, आई कोणत्या समाजातली, हिवाळा कुठे काढला, मुलं किती, जिवंत किती, गेलेली किती आणि कधी. खाली फुली आणि साक्षीदाराची सही. हक्क संपवण्यासाठी जमवलेली ही माहिती आज मेटी लोकांच्या हातात हक्क सिद्ध करण्याचं साधन झाली आहे. २००३च्या पाउली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं, की मेटी म्हणून हक्क सांगायचा तर स्वतःची ओळख, समाजाची मान्यता आणि ऐतिहासिक मेटी समाजाशी पूर्वजांचं नातं, तिन्ही दाखवावं लागेल. २०२१च्या जनगणनेत ६,२४,२२० लोकांनी स्वतःला मेटी म्हणून नोंदवलं. त्यातल्या ज्या कुणाला पणजीपर्यंत पोचायचं असतं, त्यांना याच शपथपत्रांपाशी यावं लागतं. तिथे पणजीचं नाव असतं, तिच्या आईचंही असतं. कंपनीच्या रोजनिशीत जी बाई सापडत नाही, ती इथे आपल्या लेकरांची नावं आणि त्यांच्या मरणाची वर्षं सांगताना सापडते.

कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालय आणि अभिलेखागारात एकूण कागद आहेत सुमारे २५० किलोमीटर लांबीच्या फळ्या भरतील एवढे. पुण्याहून कोल्हापूरला जाणाऱ्या रस्त्याहून लांब. आदिवासी व्यवहार खात्याचे कागद त्यातलाच एक भाग. तरी जे नाही त्याचाही आकडा आहे. १९३० च्या दशकातल्या सरकारी धोरणाप्रमाणे निवासी शाळांची विवरणपत्रं पाच वर्षांनी आणि अपघातांचे अहवाल दहा वर्षांनी नष्ट करता येत होते. त्यातून पंधरा टन रद्दी निघाली. १९३६ ते १९४४ या काळात आदिवासी व्यवहार खात्याच्या दोन लाख फायली नष्ट केल्या गेल्या. दोन लाख फायली म्हणजे किती माणसं, हे आता कधीच सांगता येणार नाही. दवाखान्यांचे कागदही असेच ठराविक मुदतीने जात राहिले.

निवासी शाळा म्हणजे आदिवासी मुलांना घरापासून तोडून, त्यांची भाषा आणि रीतिरिवाज मोडून काढण्यासाठी सरकार आणि चर्चने मिळून चालवलेल्या शाळा. दीड लाखाहून जास्त मुलं त्यांतून गेली. पीडितांशी झालेल्या राष्ट्रीय तडजोडीत १३९ शाळा मान्य झाल्या. सस्कॅचवानमधल्या इल-अ-ला-क्रॉससारख्या, मेटी मुलांनी भरलेल्या काही शाळा त्या यादीबाहेर ठेवल्या गेल्या. सत्य आणि सलोखा आयोगाने २००८ ते २०१५ काम केलं, साडेसहा हजारांहून जास्त माणसांच्या जबान्या घेतल्या आणि कागदांतून मरणाच्या नोंदी शोधल्या. २०१५ पर्यंत अशा सुमारे ३,२०० नोंदी हाती लागल्या. त्यांपैकी ३२ टक्के नोंदींत मुलाचं नाव नाही. २३ टक्क्यांत तो मुलगा होता की मुलगी हेही नाही. ४९ टक्क्यांत मरणाचं कारण नाही. नंतरच्या वर्षांत हा आकडा चार हजारांच्या पुढे गेला आणि शोध चालूच आहे. कंपनीच्या ठाण्यांच्या त्याच मुलखात दोनशे वर्षांपूर्वी एकेका कातड्याचा हिशोब लंडनला जात होता. कातड्याची नोंद चुकत नव्हती आणि लेकराचं नाव लिहिलं जात नव्हतं, ही एकच गोष्ट या सगळ्या दफ्तराबद्दल कुणी लक्षात ठेवली तरी पुरे.

कागद हीच नोंद, असं मानण्याची सवय आपल्यालाही आहे. हौडेनोसॉनी लोकांचा हियावाथा पट्टा पाहिला की ती सवय जरा हलते. शंखशिंपल्यांचे मणी ओवून केलेला हा पट्टा, ३८ आडव्या ओळी आणि १७३ उभ्या रांगा, एकूण ६,५७४ मणी. ५,६८२ जांभळे आणि ८९२ पांढरे. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा आणि सेनेका या पाच राष्ट्रांच्या एकीचा हा दस्तऐवज. जाणत्या माणसाने तो हातात धरून म्हणायचा, म्हणजे वाचायचा. न्यूयॉर्क राज्याने असे पट्टे १८९८ मध्ये स्वतःच्या ताब्यात घेतले आणि बारा पट्टे ओनोंडागा राष्ट्राला परत द्यायला १९८९ उजाडलं.

ब्रिटिश कोलंबियातल्या गिटक्सान आणि वेट्सुवेटेन लोकांचं दफ्तर तर नुसतं कंठात आहे. प्रत्येक गिटक्सान घराण्याची एक आदाक, म्हणजे घराण्याची उत्पत्ती, प्रवास, जमिनीच्या सीमा आणि गाणी मिळून असलेली कथा. ती मेजवानीच्या सभेत, सगळ्या साक्षीदारांसमोर, शब्दाला शब्द लावून सांगायची. चुकलं तर तिथल्या तिथे टोकलं जातं. या मेजवान्यांवर, ज्यांना पॉटलॅच म्हणतात, १८८४च्या कायद्याने बंदी आली आणि ती १९५१ पर्यंत राहिली. एका समाजाचं अख्खं अभिलेखागार जवळजवळ सदुसष्ट वर्षं बेकायदा होतं.

तरी ते शाबूत राहिलं. १९८७ मध्ये या लोकांच्या वंशपरंपरागत प्रमुखांनी ते कोर्टात आणलं. ७१ घराणी, १३३ प्रदेश, ५८,००० चौरस किलोमीटर जमीन. खटला चालला ३७४ दिवस, त्यातले ३१८ दिवस नुसता पुरावा. साक्षींची २३ हजारांहून जास्त पानं झाली आणि नऊ हजारांहून जास्त पुरावे दाखल झाले. मेरी जॉन्सन या म्हाताऱ्या प्रमुख बाईंनी साक्षीत घराण्याचं गाणं म्हणायचं ठरवलं. त्या गाण्याशिवाय जमिनीची हकिकत अर्धी राहते, हे त्यांच्या बाजूने सांगितलं गेलं. न्यायाधीश मॅकइचर्न म्हणाले, लिहून दिलंत तर पुरे, मला गाण्याचा कान नाही. मेरीबाईंनी तरी गायलं. १९९१ मध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला आणि तोंडी इतिहासाला स्वतंत्र पुरावा म्हणून वजन द्यायला नकार दिला. ११ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. तोंडी इतिहासाला कागदोपत्री पुराव्याच्या बरोबरीने जागा मिळाली पाहिजे, हे तेव्हापासून कॅनडाचा कायदा सांगतो. नव्याने सुनावणी घ्या असा आदेश झाला होता. ती सुनावणी आजवर झालेली नाही.

नावांचं काम दुसऱ्या बाजूनेही चाललं आहे. १९४१ पासून जवळपास तीन दशकं कॅनडा सरकारने इन्युइट लोकांना नावाऐवजी नंबर दिले होते. गळ्यात घालायची छोटी चकती, त्यावर मुकुट, आणि अक्षर नि आकडे. राष्ट्रीय अभिलेखागारात छायाचित्रं आहेत सुमारे तीन कोटी. त्यांपैकी उत्तरेतल्या हजारो चित्रांखाली ‘एस्किमो बाई’, ‘शिकारी आणि मुलगा’ एवढंच लिहिलेलं. २००२च्या सुमारास नुनावुटमधल्या तरुण विद्यार्थ्यांनी ही चित्रं घेऊन आपल्या गावच्या म्हाताऱ्या माणसांकडे जायला सुरुवात केली. आजीने चित्र हातात घ्यायचं आणि सांगायचं, ही अमकी, हा तिचा भाऊ, ही कुत्री माझ्या बापाची. मग ते नाव दफ्तरात चढतं. ज्यांना ओळखता येतं त्यांचं वय पाहता हे काम घाईचं आहे आणि ते करणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक आहे.

आणखी एक मुदत तर कॅलेंडरवर लिहिलेली आहे. निवासी शाळांत झालेल्या अत्याचारांची भरपाई ठरवण्यासाठी ३८ हजारांहून जास्त दावे दाखल झाले. प्रत्येक दाव्यात एका माणसाने आपल्यावर काय गुदरलं ते बंद दाराआड, गुप्ततेच्या हमीवर सांगितलं होतं. या कागदांचं काय करायचं यावर मोठा वाद झाला. इतिहासासाठी ते ठेवलेच पाहिजेत असं सरकार आणि विनिपेगचं राष्ट्रीय सत्य आणि सलोखा केंद्र म्हणत होतं. त्या केंद्राकडे निवासी शाळांचे पन्नास लाखांच्या घरात कागद आहेत, पण पीडितांचं त्यांच्या शब्दांतलं एवढं मोठं कथन दुसरीकडे कुठेच नाही. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. आपली प्रत स्वतःकडे घ्यायची, केंद्राकडे मोकळी ठेवायची, बंधनं घालून ठेवायची, की काहीच करायचं नाही, हे सांगणाऱ्यानेच ठरवायचं.

इतिहासाच्या बाजूने विचार केला तर जीव हळहळतो. तरी मला हा निकाल योग्य वाटतो. ज्या माणसाची लहानपणी परवानगी कुणी कधीच घेतली नाही, त्याच्या गोष्टीबद्दल निदान एकदा त्यालाच विचारलं गेलं. १९३० च्या दशकात फायली नष्ट झाल्या तेव्हा ठरवणारा कारकून होता. आता ठरवणारी ती बाई किंवा तो बाप्या स्वतः आहे. ज्यांनी काही कळवलेलं नसेल त्यांचे कागद १९ सप्टेंबर २०२७ रोजी नष्ट होतील. तोपर्यंत गावोगावच्या आदिवासी संघटना म्हाताऱ्या माणसांना शोधून त्यांना एवढंच समजावून सांगताहेत, की असा एक अर्ज आहे, तो भरायचा की नाही हे तुम्हीच ठरवा.